उजव्या हाताची मॅट

३ जानेवारी

आजपासून धाकटीची तयारी माझ्याकडे. तसं कोणी म्हणालं नाही, पण घरात दुसरं आहे कोण? बाबा निवृत्त झाल्यापासून पेपर वाचतात आणि वाचून झाला की पहिल्यासारखी घडी घालतात. आईला बेसबॉल आणि क्रिकेटमधला फरक सांगून मी दमले.

२ मार्चला बेसबॉल क्लबची निवड चाचणी. निवड झाली तर हॉस्टेल, ट्रेनिंग, कॉलेजची फी, सगळं त्यांचं. पुढच्या वर्षी धाकटी वयात बसत नाही. म्हणजे ही एकच संधी. तिला याचं काही नाही. दुपारी बॅट खांद्यावर टाकून मागच्या अंगणात निघाली होती. थांबवलं.

संकल्प: चाचणी होईपर्यंत स्वतःकडे बघायचं नाही.

४ जानेवारी

बॅट माझ्या कपाटात ठेवली. कपाटाला कुलूप नाही, पण माझा शब्द आहे.

बाबांनी आम्हा दोघींना शाळेत उशिरा घातलं. पहिली काही वर्षं घरीच. बाबा गणित घ्यायचे, आत्या अक्षर. आधी बैठक, मग पेन्सिल, हा घरचा नियम. पाठ ताठ, कोपर टेबलावर, पावलं जमिनीला टेकलेली. महिनाभर नुसतं बसायचं. म्हणून आज माझं अक्षर असं आहे. औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर तपासते मी. माझ्या सहीशिवाय एक खोकं कारखान्याबाहेर पडत नाही.

बॅटिंग वेगळी असायचं कारण नाही. आधी पावलं. पावलांसाठी मॅट लागते, वाचलं सगळं. खाली रबर, वर हिरवं नकली गवत, मधे पांढरी पाचकोनी होम प्लेट, जिच्यावरून चेंडू जातो, शेजारी उभं राहायची जागा. मॅट येईपर्यंत चेंडू मारायचा नाही. चुकीच्या जमिनीवर पाय एकदा बसला की जन्मभर तसाच.

धाकटी म्हणाली, ताई, मैदानात मातीच असते. म्हटलं, म्हणूनच.

११ जानेवारी, शनिवार

पहिलं दुकान. सकाळी गेले, संध्याकाळी आले. दुकानदाराने नमुन्याचा तुकडा द्यायला खळखळ केली. दिला शेवटी.

धाकटीने तुकडा अंगठ्याने दाबून पाहिला. ताई, हा जरा पातळ वाटतो, म्हणाली. मला सुचलंच नव्हतं. पोरीची नजर तयार होतेय. आईसुद्धा म्हणाली, घाई नको, पुढच्या शनिवारी दुसरं दुकान बघ, लांबचं असलं तरी चालेल. माझ्या कामात तिने पहिल्यांदाच रस घेतला. बाबांनी तर पेपरातून एका दुकानाचा पत्ता कापून दिला. दोन बस बदलाव्या लागतात.

घर असं एकदिलाने मागे उभं राहिलं की माणूस काय करू शकत नाही?

१८ जानेवारी, शनिवार

लांबचं दुकान. आईने दोन्ही वेळचा डबा बांधून दिला. एवढं कशाला म्हटलं तर म्हणाली, रस्त्यात अडकलीस तर?

इथला तुकडा जाड. घरी आणला. धाकटी त्यावर एका पायावर उभी राहिली आणि म्हणाली, पाय बुडतो. परत शोध.

स्वयंपाकघराच्या खिडकीची काच फुटली आहे. मांजर, म्हणे. शेजाऱ्यांशी बोलायला हवं. बोलले. शेजारच्या काकू म्हणाल्या, आमच्याकडे मांजर नाही. माणसं खोटं किती सहज बोलतात.

२१ जानेवारी

आईचा खांदा धरलाय. उजवा. डबा उचलतानाही कळवळते. उशी उंच आहे, मी कधीची सांगतेय. नवी, चपटी उशी आणून दिली. धाकटीला हसू आवरेना. आईच्या दुखण्याला हसली म्हणून तासभर बोलले नाही तिच्याशी. तेवढ्या वेळात ती अभ्यासाला लागली, म्हणजे शिक्षेचा उपयोग झाला.

२६ जानेवारी

मॅट नाही म्हणून दिवस वाया घालवायचे नाहीत. बैठकीच्या खोलीत फरशीवर खडूने दोन पावलं काढली आणि धाकटीला उभं केलं. गुडघे किंचित वाकलेले, हात रिकामे. बॅटचा मोह नको.

पहिल्यांदा म्हणाली, पाय आखडले. मग म्हणाली, मुंग्या आल्या. मग काही म्हणाली नाही. हीच ती अवस्था. आत्या म्हणायची, तक्रार संपली की शिक्षण सुरू होतं.

बाबा पेपर बाजूला करून म्हणाले, पुरे कर आता. म्हटलं, बाबा, तुम्हीच शिकवलंत. त्यांनी परत पेपर वर धरला. अभिमान वाटला की ते चेहरा लपवतात.

१ फेब्रुवारी, शनिवार

ठरलं. तिसरं दुकान, चष्मेवाला दुकानदार. याच्याकडे छापील पावलांची मॅट आहे. प्लेटच्या बाजूला काळी पावलं उमटवलेलीच. नेमकी तिथेच पावलं टाकायची, चुकायला वावच नाही. मॅट बनवणाऱ्याच्या घरीही बैठकीचा नियम असणार.

दुकानदाराने विचारलं, खेळाडू डावी की उजवी? पावलं एकाच बाजूला असतात, उघडलेला माल परत घेत नाही. म्हटलं, उजवी. त्याने विचारलं, खेळताना पाहिलंय ना? म्हटलं, अक्षर पाहिलंय. उजव्या हाताचं, मोत्यासारखं. आत्याने किती मेहनत घेतली होती त्या हातावर. तो म्हणाला, बाई, अक्षराने बॉल मारत नाहीत. मी म्हटलं, मग कशाने मारतात? तो पावती करायला लागला.

तपासणीचं काम करणाऱ्या माणसाला कोणी प्रश्न विचारू नयेत.

८ फेब्रुवारी

मॅट आली. रबराचा वास घरभर. आई म्हणाली, अंगणात टाक. म्हटलं, ऊन लागेल. बैठकीच्या खोलीत टाकली, सोफा पॅसेजमध्ये गेला. बाबा आता पॅसेजमध्ये वाचतात.

धाकटीला समारंभाने बॅट दिली. ती गेली आणि प्लेटच्या दुसऱ्याच बाजूला उभी राहिली. पावलं नव्हती तिथे. हात उलटे, खांदा उलटा. मला वाटलं गंमत करतेय. गंमत नव्हती.

ताई, मी डावी आहे, म्हणाली.

लिहितेस उजव्या हाताने, मी म्हटलं. ती म्हणाली, ते आत्याने फिरवलं. बाकी सगळं डावंच राहिलं. तुला माहीत नाही?

मला माहीत नाही असं नाही. माझ्या नजरेसमोर आलं नव्हतं. मॅट येईपर्यंत बॅट धरायची नाही हा नियम असल्यामुळे ती बॅट कशी धरते हे दिसायचा प्रश्नच नव्हता. नियमाचा दोष नाही.

धाकटी म्हणाली, मॅट उलटी फिरवून टाकू, पावलं या बाजूला येतील. फिरवून पाहिली. पावलं आली, पण प्लेटचं टोक चेंडू टाकणाऱ्याकडे गेलं. टोक मागे हवं. चुकीच्या प्लेटवर मी सख्ख्या बहिणीला उभी करणार नाही.

९ फेब्रुवारी, सकाळ

उजाडायच्या आत जाग आली आणि सगळं स्वच्छ दिसलं. मॅट फिरवता येत नाही, माणूस फिरवता येतो. आत्याने फिरवलंच की. तेव्हा धाकटी रडायची, जेवायची नाही, पण अक्षर आलं ना?

संकल्प: तीन आठवड्यांत उजवी.

१३ फेब्रुवारी

प्रगती. मऊ चेंडू दोरीला बांधून छताच्या हुकाला टांगलाय. धाकटी छापील पावलांवर उभी राहते आणि उजवीकडून बॅट फिरवते. चेंडू लागत नाही. हे चांगलं आहे, कारण आता चुका दिसतात. डावीकडून म्हणे लागतो. म्हणजे तिथे चुका लपून राहिल्या असत्या.

डावा हात मधेच पुढे सरसावतो. त्याला ओढणीने कमरेशी सैल बांधून नुसता उजवा फिरवायला लावला. आई स्वयंपाकघरातून आली, तिने ओढणी सोडली, घडी केली आणि घेऊन गेली. ओढणी तिची होती, विचारायला हवं होतं.

१६ फेब्रुवारी

धाकटीच्या हाताला फोड. उजव्या तळव्याला थोडे, डाव्याला जास्त. डाव्याला का? म्हणाली, सवय नाही ना. खरंय. न वापरलेला हात मऊ पडतो.

अंगणातल्या तारेवरच्या जुन्या ब्लँकेटला मधोमध गोल गोल मळके डाग पडलेत. आईला आता धुणंही नीट जमत नाही. खांदा. उशी परत बदलली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आई म्हणाली, मॅटला खालून घसरू नये म्हणून काहीतरी येतं ना चिकटवायला? बघून ये. बाबा म्हणाले, नीट चौकशी कर, दोन-चार ठिकाणी. धाकटी म्हणाली, ताई, तुझ्याशिवाय कोणाला कळणार ते.

हे वाक्य लिहून ठेवतेय, कारण ती असं बोलत नाही.

दिवसभर फिरले. तसली चिकटपट्टी मिळाली नाही. येताना अंगणातून आईचा आवाज ऐकू आला, खालून टाकू का? मी फाटक उघडलं तर आई कपडे वाळत घालत होती आणि धाकटी चिमटे देत होती. दोघींना दरदरून घाम. एवढ्याशा कपड्यांना.

२८ फेब्रुवारी

परवाच्या तयारीसाठी कारखान्यात अर्ध्या दिवसाची रजा टाकली. साहेब म्हणाले, तुमची निवड आहे का? हसले सगळे. म्हटलं, एका अर्थी हो.

२ मार्च

निवड झाली.

क्रमाने लिहिते. मी पहिल्या रांगेत बसले, धाकटीला मी दिसेन अशी. ती मैदानात आली, माझ्याकडे पाहिलं आणि उजवीकडे उभी राहिली. पावलं अगदी छापल्यासारखी. पहिला चेंडू गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला बॅट हातातून निसटली. मागे कोणीतरी म्हणालं, हिला कोणी पाठवलं? मी मागे वळून पाहिलं, म्हणजे कळावं.

एवढ्यात शेजारी बसलेल्या आईने पाणी मागितलं. बाटली भरलेली होती. आईने ती पायाशी ओतून टाकली, म्हणाली, गरम झालंय, थंड आण. भर चाचणीत. पण बाईचं वय झालंय. नळ इमारतीच्या मागे, त्यात रांग. रांगेत असताना बॅटचा आवाज आला. टण्. मग परत. मग लोकांचा आवाज. मी बाटली तशीच अर्धी घेऊन धावले. तोवर कोच तिच्या पाठीवर थाप मारत होते.

तीन चुका बाहेर पडल्या आणि मग अंग मोकळं झालं. आधी पावलं, मग बाकीचं. आत्या आज हवी होती.

३ मार्च

जेवणाच्या सुट्टीत कोचना फोन केला. क्लबच्या इतर मुलींनाही मॅटची पद्धत उपयोगी पडेल, माझी शनिवारी यायची तयारी आहे, असं सांगितलं. छापील उजव्या पावलांबद्दल सविस्तर बोलले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ती उजवीकडे उभी होती तोवर मी तिचं नाव खोडायलाच बसलो होतो. मग प्रेक्षकांतून तुमच्या आई ओरडल्या, गेली, आता फिर. पोरगी डावीकडे गेली आणि पाच चेंडू कुंपणाला लावले. तिला विचारलं, शिकवलं कोणी? म्हणाली, आईने, अंगणात चेंडू टाकते. विचारलं, मग उजवीकडे उभं कोणी केलं? म्हणाली, ताईने, ती पाणी आणायला गेलीय.

दुपारच्या पाळीत एका खोक्यावर चुकीची तारीख सुटली. पहिल्यांदाच.

४ मार्च

आईला विचारलं. ती इस्त्री करत होती, थांबली नाही. म्हणाली, तू घरात असलीस की तिचा हात उचलत नाही. मग कुठे पाठवणार तुला? दुकानांत पाठवलं. म्हटलं, नमुने पातळ होते, जाड होते ते? आई म्हणाली, बाई, तिला काय कळतंय त्यातलं.

पॅसेजमधून बाबा म्हणाले, त्या लांबच्या दुकानाला एकच बस जाते. दोन मीच सांगितल्या.

रात्रीपर्यंत विचार केला. शांतपणे पाहिलं तर निवडीत माझा वाटा आहेच. मी मॅट शोधली नसती तर मी घरी असते, आणि मी घरी असते तर तिचा सराव झाला नसता. हे त्यांच्याच बोलण्यातून सिद्ध होतं.

९ मार्च

धाकटी हॉस्टेलला गेली. म्हटलं, मॅट गुंडाळून देऊ? म्हणाली, राहू दे ताई, तू उजवी आहेस, तुला बरोबर येईल. गाडीत बसल्यावर काच खाली केली. मला वाटलं, आता म्हणेल. मी जवळ गेले. ती म्हणाली, मला भेटायला आई-बाबा दोघेच आले तरी चालतील.

माझी धावपळ नको म्हणून.

१६ मार्च, रविवार

हॉस्टेलमधून फोन यायची वेळ ठरलेली आहे, संध्याकाळी पाच. पावणेपाचला आई म्हणाली, ताई, अंगाचा साबण संपलाय, घेऊन येतेस?

न्हाणीघरात नवी वडी होती. मी पिशवी घेतली.

साबणाचे बरेच प्रकार असतात. सगळे नीट बघून घेतले. घाई करून चालत नाही.