भैरवीची शिफारस

३ मार्च, सोमवार

आणि वर मलाच म्हणतात, ताई, जरा शांत बसा! चार तास त्या लोखंडी स्टुलावर बसून मी कंबर मोडून घ्यायची, धाकट्या भावाचा सुयांचा हात हलू नये म्हणून उशी धरायची, आणि कानावर काय — तर मास्तरांचा मारवा. गाणारा एकच शब्द धरून बसलेला. सोडेचना! मी विचारलं, "अहो, ह्याचं पुढं काही होणार आहे का?" मास्तर डोळे मिटूनच म्हणाले, "होतंय ते ऐका." काय होतंय? कुणीतरी कळवळतंय, एवढं कळलं. आम्ही इथं काय कमी कळवळतोय?

ह्या चौघांनी खूळच काढलंय. चार खाटा, चार डायलिसिसची मशीन, मधल्या टेबलावर छोटा स्पीकर. रक्त बाहेर जाऊन साफ होऊन परत अंगात येईस्तोवर हलायचं नाही, म्हणून गाणं ऐकतात. दर वेळी एकाची पाळी. ज्याची पाळी त्यानं आधी सांगायचं — हे ऐका, आणि का ऐका. त्याला म्हणे शिफारस! जशी काही नोकरीला लावायचीय कुणाला. आणि एकाच्या शिफारशीला दुसऱ्यानं नावं ठेवायची नाहीत. सगळे नियम धाकट्याचे. पंख्याच्या आणि मिक्सरच्या मोटारींना तार गुंडाळणारा माझा भाऊ, पण गाण्याचं वेड शाळेपासूनचं. मास्तर, शिवणवाली, टॅक्सीवाला — तिघांना त्यानंच नादी लावलं.

मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही. चौथीत शाळा सुटली, तेव्हापासून लाँड्रीत इस्त्री. मला आपला वाफेचा फुस्स तेवढा कळतो.

५ मार्च, बुधवार

आज धाकट्याची पाळी. सुया टोचून तासही झाला नव्हता. म्हणाला, "आज भैरवी. का, ते सांगत नाही." एवढंच. एरवी शिफारस करताना ह्याचं तोंड बंद करायला नर्सला यावं लागतं!

पण काय सांगू — आवडलं. पहिल्यांदा काहीतरी आवडलं मला त्या खोलीत. इस्त्रीखालून काढलेली चादर गालाला लावावी तसं ऊबदार. मी मोठ्यानं "वा" म्हटलं. संपलं तेव्हा म्हटलं, "लावा की परत! अजून तीन तास काढायचेत."

कुणी माझ्याकडे बघेना. टॅक्सीवाला, जो सुई टोचताना पण नर्सला म्हणतो "सावकाश, गिऱ्हाईक आहे मी", तो भिंतीकडे तोंड करून पडला. शिवणवालीनं चादर डोक्यावरून घेतली. मास्तर म्हणाले, "आता आज काही नको." स्पीकर बंद. मग नुसती मशीनची घरघर.

जळतात मेले. ह्यांचं रडगाणं मी मुकाट ऐकायचं, आणि जरा कुठे चांगलं लागलं की ह्यांची तोंडं वाकडी.

६ मार्च, गुरुवार

शर्टाची कॉलर करपवली. मालक ओरडला. मी पण ओरडले.

७ मार्च, शुक्रवार

शिवणवाली म्हणाली, "माझी पाळी ह्याला द्या." धाकटा हसला. "माझं झालं." म्हटलं मग मला द्या, मी करते शिफारस — भैरवी! टॅक्सीवाल्यानं मोकळा हात कपाळाला लावला. "ताई, पाया पडतो. नका."

आणि आणखी एक नवल. ह्या लोकांना पाण्याचा घोट सुद्धा मापानं मिळतो, जीभ कोरडी पडली तर चघळायला बर्फाचा एकच खडा. टॅक्सीवाल्यानं त्याचा खडा धाकट्याला दिला. त्यानं घेतला! "नको" म्हणाला नाही. त्या खोलीत कुणी कुणाला बर्फ देत नाही. तिथं सगळ्यात महाग तो.

सगळे असे गोड का वागतायत?

१० मार्च, सोमवार

कळलं.

वजनकाट्यापाशी शिवणवालीनं माझी बाही धरली. "ताई, तुम्हाला खरंच ठाऊक नाही? भैरवी शेवटी असते. मैफल आवरायची असली की गातात. तिच्यानंतर कुणी काही गात नाही."

"बरं, मग?"

"मग काय मग! तुम्ही आला नव्हता त्या दिवशी त्यानं सांगितलंय आम्हाला. भैरवी लावीन तेव्हा समजा, ठरलं म्हणून. ह्या महिन्यानंतर तो मशीनवर येणार नाही."

मशीनवर नाही म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको. पंधरा दिवस. फार तर.

आणि मी म्हणत होते, परत लावा! मी! माझ्या तोंडानं! वा म्हटलं मी!

तिला म्हटलं, "तुम्ही तिघं ऐकून गप्प बसलात?" म्हणते, "शिफारशीला नावं ठेवायची नाहीत ना, ताई." शिफारस! अगं बाई, माणूस मरायला निघालाय, राग निवडलाय का त्यानं? रडायला लागली. रडू दे. मी वॉर्डात गेले आणि मास्तरांना विचारलं, "तुमचं पण मत तेच का?" मास्तर म्हणाले, "मी रोज तेच मनात आणतो आणि तरी दर वेळी येतो. त्याला काय सांगू?" मी उशी उचलली आणि स्टुलावर जाऊन बसले.

११ मार्च, मंगळवार

धाकटा मोटारीला तार गुंडाळत बसला होता. विचारलं सरळ. मला वळसे येत नाहीत.

म्हणाला, "कंटाळा आला, ताई."

"कंटाळा मला पण आलाय. रोज शंभर शर्ट. मी काय गळ्याला दोर लावला?"

"कुठवर गायचं, ते गाणाऱ्यानं ठरवावं."

"तू कुठला गाणारा? मिक्सर दुरुस्त करतोस तू!"

हसला. मी पण हसले. मग मी उठून ताट आपटलं. जेवलो नाही दोघंही.

खोटं बोलतोय. लहानपणी खोटं बोलताना मान खाजवायचा. अजून खाजवतो.

१२ मार्च, बुधवार

मास्तरांची पाळी होती. त्यांनी काही लावलं नाही. "आजची माझी शिफारस हीच," म्हणाले.

माझ्याकडे एक गोष्ट आहे. फेब्रुवारीत मी त्याला न सांगता तपासण्या करून घेतल्या. लाँड्रीतून सुट्टी काढून, उपाशीपोटी, सारखी ह्या खिडकीवरून त्या खिडकीवर. गेल्या आठवड्यात मंगळवारी शेवटचा रिपोर्ट आला — माझी किडनी त्याला जुळते! डॉक्टर म्हणाले, तारीख ठरेपर्यंत त्याला उगाच आशा लावू नका. म्हणून दातावर दात ठेवून बसले. आता कशाला बसू? उद्या सांगते. मशीन नको, सुया नको, हवं तेवढं पाणी पी म्हणावं. मग बघू ह्याला कंटाळा कसा येतो.

आज हात हलका वाटला. सगळ्या कॉलरी सरळ निघाल्या.

१३ मार्च, गुरुवार

सांगितलं. त्यानं तार खाली ठेवली नाही. "ठाऊक आहे," म्हणाला. तपासण्यांचा सुगावा त्याला फेब्रुवारीतच लागला होता, आणि ज्या दिवशी रिपोर्ट आला त्याच दिवशी नर्सनं त्याला फोन करून सांगितलं होतं — नशीबवान आहात हो, बहिणीची जुळली. दुसऱ्या दिवशी ह्यानं भैरवी लावली.

"तू कापून घेणार, आणि पुन्हा त्या वाफेत दिवसभर उभी राहणार. मी आहे तोवर तू ऐकणार नाहीस, ताई. म्हणून मीच मशीन थांबवतो."

मी पाटावरून उठले. म्हटलं, "नको ना? नको घेऊस. माझी माझ्यापाशी राहील, शब्द देते. पण मग मशीनवर यायचं, शिव्या घालत का होईना यायचं. नाहीतर माझी घे. दोन्ही नको म्हणायची सोय नाही. रविवारी संध्याकाळपर्यंत सांग ह्यातलं कुठलं. आणि तोंडानं सांग. स्पीकरवर काही लावलंस तर मी तो फोडीन."