वॉलरसांचा किनारा आणि माझी योजना

२ सप्टेंबर
आजपासून या राखीव बेटावरचा मुख्य रक्षक मी. संकल्प तीन. रोज व्यायाम. व्होडका फक्त रविवारी. माझ्या कारकिर्दीत एकही जनावर हकनाक मरणार नाही.
जोडीदार ओम्रिन. इथल्या चुकची जमातीचा, सव्वीस वर्षं या बेटावरच. त्याला सांगितलं, मला इनोकेंती पेत्रोविच म्हणायचं. तो लहान पोराला हाक मारावी तसं केशा म्हणतो.

५ सप्टेंबर
समुद्रावर बर्फ उरला नाही, म्हणून वॉलरस किनाऱ्यावर आले. पाचेक हजार. बहुतेक आया आणि पिल्लं. ओम्रिन म्हणाला, इथं मोठ्यानं शिंकायचंही नाही. एक बिथरला की सगळे पाण्याकडे धावतात आणि खाली सापडेल त्याचा चेंदा होतो. मला माहीत होतंच. कोर्समध्ये होतं.
व्यायाम सोमवारपासून.

८ सप्टेंबर, दुपार
पांढऱ्या अस्वलिणीनं कडेचं एक पिल्लू धरलं. आईनं सुळा खुपसून तिची बरगडी फाडली, तरी सोडलं नाही. पिल्लू बराच वेळ ओरडत होतं. ओम्रिन सुका मासा चावत बसला. काहीतरी कर म्हणालो. तर म्हणे, ती तिचं काम करतेय, तू तुझं कर, वॉलरस मोज.
एक पेग घेतला. रविवार नव्हता, पण ते औषध म्हणून.

११ सप्टेंबर
अस्वलीण अजून किनाऱ्यावरच घुटमळतेय. योजना तयार. इशाऱ्याचा जाळ उडवायच्या रॉकेट पिस्तुलाचा एक बार, अस्वलीण डोंगराकडे. ओम्रिन म्हणाला, केशा, ते पिस्तूल पेटीत ठेव. म्हातारा भित्रा झालाय. उद्या तो ओढ्यावर पाणी आणायला जाईल तेव्हा उरकतो.

१२ सप्टेंबर, सकाळी १०
योजना यशस्वी. अस्वलीण पळाली.

१०.०५
बाकी थोडी गडबड आहे.

दुपारी १
धूळ बसली. आया पिल्लांवरून गेल्या. टनभर वजनाच्या, एकीवर एक. हाडं मोडल्याचा आवाज टेकडीवर येत होता. वाळू लाल. एक पिल्लू कमरेखाली सपाट झालंय, पुढच्या वल्ह्यासारख्या पायांवर सरकतंय. गोळी घालायला गेलो. दोनदा चुकलो. ओम्रिन आला, पाण्याचे कॅन खाली ठेवले, एका गोळीत संपवलं.

१४ सप्टेंबर
वासावर एकोणीस अस्वलं आली. आतड्यांवरून एकमेकांची तोंडं फोडतायत. दोन दिवस झोपडीत कोंडलोय. वेळेचा सदुपयोग: अहवाल लिहिला. 'अस्वलाच्या हल्ल्यामुळे कळप बिथरला.' तसं खोटं नाही. ओम्रिनला सही मागितली. मेलेली मोजून झाल्यावर बघू म्हणाला.

१७ सप्टेंबर
अस्वलं तट्ट पोटानं झोपली. ओम्रिन बंदूक घेऊन पहारा करत होता, मी मोजत होतो. एकशे बारा पिल्लं, नऊ आया.
परतताना म्हणालो, अस्वलिणीचा दोष किती धरायचा? तो म्हणाला, तिचं आठ तारखेचं एक. बाकीची आपली.
तुझी म्हणाला असता तर भांडलो असतो.
अहवाल फाडला. नवा लिहायला घेतला. पहिला शब्द 'मी'. तासभर झाला, पुढे जात नाही.