डाव्या बाजूला ही बसणार हाय

प्रिय आबा,

दादा रविवारी पुण्याहून येणार आहे. तुमच्या फोटोपुढं उभा राहून तो माझी तक्रार करणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. लहानपणापासूनची सवय आहे त्याची. म्हणून त्याच्याआधी मीच लिहून टाकते. व्हय आबा, भंगारवाल्याला दारातून मी परत पाठवला. तुमची गाडी पलूसच्या घरापुढं, त्याच पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. काल तिचं पासिंग झालं. आणखी पाच वर्षं मिळाली तिला. आता रागवायचं असेल तर खुशाल रागवा!

पण तुम्ही रागवणार नाही. गाडीवर हसणाऱ्यांकडं तुम्ही आयुष्यभर बघितलंच नाहीत, मग मी तरी का बघू?

ती घ्यायला आपण सांगलीला गेलो होतो, तो दिवस आठवतो? मी तेव्हा अकरावीत होते. तुम्ही फौजेतून नुकते परत आला होता. शोरूममधला टाय लावलेला पोरगेला माणूस तुम्हाला वरचं मॉडेल दाखवत होता आणि तुमचं बोट सगळ्यात खालच्या मॉडेलवरून हलत नव्हतं. पांढरा रंग, काळे बंपर, चाकांना टोप्या नाहीत, रेडिओच्या जागी प्लॅस्टिकचं झाकण.

"सर, यात एसी नाही," तो म्हणाला.

"काच खाली हुती का न्हाई?"

"होते ना, हँडल फिरवून. पण म्युझिकपण नाही, सर."

"गाणी हिला येत्यात की." तुम्ही आईकडं बोट केलंत. आई लाजून चूर.

तो बिचारा शेवटचं म्हणून म्हणाला, "सर, या मॉडेलला डावीकडचा आरसापण येत नाही. फक्त ड्रायव्हरच्या बाजूला आहे."

"मग काय झालं? डाव्या बाजूला ही बसणार हाय."

मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. माझ्या मैत्रिणीच्या घरच्या गाडीत कॅसेट वाजायची. आपल्या गाडीत आई वाजणार! परतीच्या वाटेवर मी खिडकीकडं तोंड करून बसले आणि तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. तुम्ही मात्र बुधगाव यायच्या आत आईची नेमणूक करून टाकलीत.

फौजेत तुम्ही तीनटनी ट्रक चालवायचात. त्या गाडीत डावीकडं को-डायवर बसतो आणि डावी बाजू त्याची असते, असं तुम्ही आईला समजावून सांगितलंत. "मी 'डावी?' म्हणलं की तू डोकं भाईर काढून मागं बघायचं. कोण न्हाई तर 'मोकळी' म्हणायचं. हाय तर 'थांबा' म्हणायचं. अंदाजपंचे बोलायचं न्हाई. आणि को-डायवर झोपला की गाडी थांबली, ध्यानात ठेव!"

आईनं ते काम अंगावर घेतलं. पदर खोचायचा, हाताची घडी दारावर, डोकं बाहेर. "डावी?" "मोकळी!" "डावी?" "थांबा, टॅक्टर हाय, उसाच्या दोन टायल्या लावल्यात." म्हसवडला सिद्धनाथाला जाताना विट्याच्या चौकात, मायणीच्या उतरणीवर, लग्नाच्या गर्दीत, कारखान्याच्या रस्त्यावर. वीस वर्षं. त्या वीस वर्षांत गाडीच्या डाव्या अंगाला साधा ओरखडा नाही. उजव्या अंगाला आहेत बरं का, चांगले तीन आहेत. तिकडं आरसा होता ना!

मी उगाच जुन्याचे गोडवे गात नाही, आबा. वैशाखात त्या गाडीत बसलं की मांड्या सीटला चिकटायच्या. तिचं स्टिअरिंग फिरवून माझे खांदे भरून यायचे. तुमच्या 'फस्ट परेड'चा तर मला वीट आला होता. रोज सकाळी चहाच्या आधी तेल बघा, पाणी बघा, चाकं दाबून बघा, लढाईवर निघाल्यासारखं! पण त्या गाडीत आईला काम होतं. नवऱ्याच्या जिवाची निम्मी जबाबदारी तिच्यावर होती आणि ते तिला माहीत होतं. घरात तिला कोणी काही विचारलं नसेल, गाडीत मात्र तिनं हो म्हटल्याशिवाय चाक वळत नव्हतं.

आणि ते काम तिच्याकडून मी काढून घेतलं.

हे तुम्हाला कधी सांगितलंच नाही मी. तीन वर्षांपूर्वी मिरजेला तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं काही आठवडे गाडी बंद केली. दादा म्हणाला, तेवढ्यात आबांची गाडी जरा नटवू. म्युझिक त्याचं, सीटकव्हर त्याची, दारं एका बटणावर बंद करणारं लॉकही त्याचंच. आरसा मात्र माझा, आबा. "आबांची नजर आता पहिल्यासारखी नाही, डावीकडं आरसा बसवूया," असं मी म्हणाले. दुकानात चार आरशांतून मीच तो निवडला. तुमच्या काळजीनं निवडला. आईचा विचार एका क्षणासाठीसुद्धा मनात आला नाही.

तुम्ही गाडीभोवती एक फेरी मारलीत आणि "बरं केलंसा" म्हणालात. आईनं नव्या आरशावर हळदकुंकू वाहिलं. स्वतःच्या हातानं!

मग आपण चौघं म्हसवडला निघालो. विट्याच्या चौकात तुम्हाला डावीकडं वळायचं होतं. आईनं सवयीनं डोकं बाहेर काढलं. तुम्ही आरशात बघितलंत आणि वळलात. तुम्ही विचारलंच नाहीत, आबा! मागच्या सीटवरून मी आईला बघत होते. 'मोकळी' म्हणायला उघडलेलं तोंड तिनं हळूच मिटलं आणि पदर मांडीवर सारखा केला. दादानं मागून हात लांबवून म्युझिकचा आवाज वाढवला.

मायणीच्या पुढं तुमच्या लक्षात आलं असावं. तुम्ही म्हणालात, "डावी?"

आई समोर बघत म्हणाली, "आरशाला इचारा."

दर्शन झालं. परतीला आई दादाला पुढं धाडून मागं माझ्याशेजारी येऊन बसली. "मागं ऐसपैस बसाय मिळतंय," म्हणाली. त्या दिवसापासून ती पुढं बसली नाही. तुम्ही पुढं एकटे, ती मागं एकटी. तुम्ही दोघं बाजारात उतरलात की लोकांना वाटायचं, बाईनं ड्रायव्हर ठेवलाय.

आठ दिवसांत तुम्ही तो आरसा मिटवून त्याच्यावर काळी टेप गुंडाळलीत. का, ते कोणाला सांगितलं नाहीत. दादाला वाटलं, काच फुटली. मला कळलं होतं, पण मी गप्प बसले, कारण बोलले असते तर आरसा कोणी निवडला तेही बोलावं लागलं असतं. आणि तुम्ही? सव्वादोन वर्षं मान अवघडेपर्यंत मागं वळून डावीकडं बघत गाडी चालवलीत. मागच्या सीटवर तुमची को-डायवर बसलेली होती. "पुढं येऊन बस गं," एवढंच म्हणायचं होतं. एक वाक्य, आबा! बर्फात गाड्या चालवणाऱ्या माणसाला एवढं एक वाक्य जड झालं? आणि तीही कसली हट्टी! टेप दिसत होती की तिला. ती तुम्ही म्हणायची वाट बघत राहिली, तुम्ही ती येण्याची वाट बघत राहिलात, आणि एके दिवशी तुम्ही निघून गेलात.

तुमच्यामागं गाडी शेडमध्ये आठ महिने पडून राहिली. किल्ली फिरवली तर हूं की चूं नाही. दादानं फोनवर जाहीर केलं, "नंदे, भंगारवाल्याला सांगितलंय. आईला नवी गाडी देतो. मागचं, डावीकडचं, सगळं समोर पडद्यावर दिसतं तिच्यात. कुणाला डोकं बाहेर काढायला नको."

दादा वाईट बोलला नाही. त्याला आईला सुखात ठेवायचं आहे. पण ते ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. पुन्हा तेच? एकदा आपण तिला आरसा दिला, आता पडदा देणार?

मी म्हणाले, "गाडी जाणार नाही."

"भावनेच्या भरात बोलू नगंस."

"भावनेच्या भरातच बोलतीय. त्याशिवाय बोलण्याजोगं काय असतंय घरात?"

भंगारवाला मागच्या गुरुवारी टेम्पो घेऊन आला. मी माझ्या घरून, माधवनगरहून, पहिल्या एसटीनं येऊन तुमच्या जागेवर बसले होते. काचा वर, आतून कड्या. तो म्हणाला, "ताई, उतरा की." मी म्हणाले, "उचलायची तर माझ्यासकट उचला." दुपार झाली. घामानं भिजले, एसी नाही ना! आई उंबऱ्यात उभी राहून सगळं बघत होती. शेवटी ती चहाचे दोन कप घेऊन आली. एक भंगारवाल्याला दिला. दुसरा घेऊन डाव्या खिडकीशी आली आणि काच वाजवली. मी हँडल फिरवून काच खाली घेतली. "च्या घे," एवढंच म्हणाली. पण आत डोकावताना तिनं एक हात त्या दारावर ठेवला, पूर्वी ठेवायची तसा. भंगारवाल्यानं चहा संपवला आणि टेम्पो वळवून निघून गेला.

मग मी गाडी ओढून बाबू मिस्त्रीकडं नेली. त्यानं बघून सांगितलं की म्युझिकच्या वायरी जळाल्यात, त्यानंच सगळं बसलंय. म्हणलं, काढून टाक. म्युझिक काढ, लॉक काढ, सगळं काढ. तो हसायला लागला. "ताई, लोक माझ्याकडं बसवायला येत्यात. काढायला तुमीच पयल्या!" रेडिओच्या जागेवरचं जुनं प्लॅस्टिकचं झाकण तुमच्या पत्र्याच्या पेटीत निघालं, कागदात गुंडाळलेलं. तुम्ही ते जपून ठेवलं होतंत! ते बसवलं आणि गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली.

आरसा मी माझ्या हातानं काढला. पान्यानं बोलटं सैल केली. तुमची टेप सोडवायला गेले नाही, तसाच टेपेसकट पेटीत ठेवला.

काल पासिंगला सांगलीला निघाले तर आई तयार होऊन बाहेर आली आणि मुकाट्यानं मागं बसली. मीही काही बोलले नाही. तुमचीच लेक आहे! तिथं एका वयस्कर साहेबांनी इंजिन बघितलं, दिवे बघितले, ब्रेक बघितले. मग विचारलं, "डावीकडचा आरसा कुठंय?"

मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला. "त्यो कंपनीनंच दिला न्हवता, सायेब. कागद बघा."

त्यांनी कागद बघितला, आईकडं बघितलं आणि हसून म्हणाले, "आजी, मग डावीकडं बघायला कुणीतरी बसत जा पुढं."

आबा, आई उतरली. मागचं दार लावलं, पुढचं उघडलं आणि बसली. मी बघतच राहिले. ती समोर बघत म्हणाली, "सायेबांनी सांगितलंय म्हणून बसले. उगं न्हाई."

असं होतं तर! तुम्ही नुसतं सांगायला पाहिजे होतं. जरा साहेबासारखं सांगितलं असतं तरी चाललं असतं.

माधवनगरला माझ्या घराकडं डावीकडं वळायचं होतं. चहा घेऊन पुढं पलूसला जायचं ठरलं होतं. विचारावं की नाही, याची मला धास्ती. ती पुन्हा 'आरशाला विचार' म्हणाली असती तर मी काय केलं असतं? आरसा तर पेटीत होता. वळण आलं, मी वेग कमी केला आणि कसंबसं म्हणाले,

"डावी?"

 मग काचेचं हँडल फिरल्याचा आवाज आला. आईनं पदर खोचला, हात दारावर घेतला आणि डोकं बाहेर काढलं.

"थांब. मोटारसायकल हाय, तिघं बसल्यात मेले." मी थांबले. ते भर्रकन गेले. "हं. मोकळी."

आणि गाडी वळत असताना लगेच, "म्होरल्या टायमाला जरा आदी इचारत जा. तुज्या बापाची बी हीच खोड हुती."

मी रडत होते, आबा. स्टिअरिंग जड, दोन्ही हात त्यात गुंतलेले. डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता.

घरी पोचल्यावर मी तिला खरं ते सांगितलं. आरसा मी निवडला होता, हे. ती म्हणाली, "ठावं हाय मला. पावती तुज्या पिशवीत बघितली हुती." तीन वर्षं माहीत होतं तिला! आणि मला वाटत होतं, हट्टी तुम्हीच.

तर आबा, दादा रविवारी तुमच्यापुढं काय बोलायचं ते बोलू दे. त्याच्या नव्या गाडीत तो बसेल, आम्ही आमच्यात बसू. ज्यांना हसायचं त्यांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून पोटभर हसावं. मी शब्द देते. आई आहे तोवर त्या गाडीच्या डाव्या अंगाला आरसा बसणार नाही. शनिवारी-रविवारी फस्ट परेड मी करीन, चहाच्या आधी. यंदा सिद्धनाथाला आम्ही दोघीच जाणार. आणि विट्याच्या चौकात मी गाडी थांबवून, नीट, मोठ्यानं विचारीन. तुमच्या वाटणीचंही.

तुमची,
नंदा
(ड्रायव्हर. को-डायवर तीच, जुनी.)