ऋचाची पहिली रायफल

प्रिय विद्या,

सौदीतून, अबकैकहून खुशाली. फोनवर ऋचा कान लावून बसते, म्हणून हे लिहून आमच्या कंपनीतल्या बाळकृष्णच्या हाती पाठवतोय. तो कायमचाच नाशिकला परत येतोय. त्याच्या जागी इथलाच सौदी माणूस घेतला. माझा इकामा, इथे राहायचा परवाना, मात्र आणखी वर्षभराचा झालाय, तेव्हा काळजी नको.

"नेमबाजीची रायफल तिकडूनच घेऊन या," म्हणालीस! अगं, ती काय खजूर नि ब्लँकेट आहे? विमानतळावरच मला बसवून ठेवतील.

तिथेच घे. नव्याचा हट्ट नको, क्लबातल्या एखाद्या सीनियर मुलीची जुनी चालेल. आधी कोचना दहा-वीस गोळ्या मारून बघू दे. नळी चांगली असली की रंग उडाला तरी बिघडत नाही. नेमबाजीचं जॅकेट मात्र तिच्या मापाचं नवंच शिवून घे.

क्लबची रायफल आखूड पडते म्हणून तिची मान दुखायची, ती थांबली का? तू वेळेवर जेवतेस ना?

माझी एकच अट आहे. खांद्याला टेकतो तो दस्ता लांब करता येणारा हवा. पोरगी अजून उंच होतेय, आणि पुढच्या वर्षी दुसरी घेता येईलच असं नाही.

तुझाच,
श्रीनिवास