अकराचा मिस्ड कॉल

१२ मार्च
आज सोलापुरात रुजू झालो. नवी पेठेच्या मागे हवेशीर खोली मिळाली, दुपारी शेंगाचटणी आणि कडक भाकरी हाणली, मन अगदी खूश झालं. काम क्षयरोग केंद्रात पर्यवेक्षकाचं. साध्या गोळ्यांना दाद न देणारा टीबी ज्यांना झालाय, ते रोज औषध घेतात की नाही, एवढंच बघायचं. पद्धत मोठी मजेदार आहे. पेशंटने गोळ्या गिळून ऑफिसच्या मोबाइलवर मिस्ड कॉल द्यायचा. आपण उचलायचा नाही. एकदा वाजून कट झाला की कार्डावर बरोबरची खूण करायची. झालं काम. ऑफिसात एसी आहे आणि खिडकीच्या डोक्यावरच 'खिडक्या उघड्या ठेवा' असा बोर्ड. बाहेर चाळीसचं ऊन आणि धूळ. बोर्ड लावणाऱ्याला इथे बसायचं नव्हतं, हे उघड आहे. मी खिडकी लावून फटींना चिकटपट्टी मारून घेतली.

३० मार्च
काय ही माणसं! गोळ्या हातात आणून दिल्या तरी यांना गिळायला जड जातं. एकाला मळमळतं, दुसऱ्याने बरं वाटलं म्हणून सोडल्या. अर्धवट सोडल्या की रोग आणखी माजतो, हे दिवसातून दहादा सांगतो. भिंतीला सांगितलं असतं तर तिने तरी ऐकलं असतं.

सगळ्यांत वैताग म्हणजे खातूनबी. विड्या वळणारी पन्नाशीची बाई. दर शुक्रवारी माझ्यासमोर अर्धा अर्धा तास बसून खोकते, मास्क हनुवटीवर. गोळ्यांनी कातडी काळवंडली, कानात घंटी वाजते, नसलेली माणसं बोलतात, असं तिचं रडगाणं. आज म्हणाली, "तेवढं डॉक्टरला सांगा की साहेब. न्हाईतर घरला येऊन बघा एकदा."

मी म्हटलं, घंटी वाजते तर उचला, मिस्ड कॉल असेल. चहाच्या वेळी हा विनोद सगळ्यांना सांगितला. लोक पोट धरून हसले. डॉक्टरांना सांगायचं राहिलं.

१८ जून
खातूनबी हल्ली येत नाही. तिची सून झीनत खालच्या औषध विभागातूनच महिन्याच्या गोळ्या घेऊन जाते. पण मिस्ड कॉल रोज अकराच्या ठोक्याला. एकही खूण चुकलेली नाही. एकदा झापलं की ही माणसं सरळ येतात.

२९ ऑगस्ट
झीनत आली आणि टेबलावर पिशवी उपडी केली. सगळी पाकिटं न फोडलेली. म्हणाली, घंटी सोसेना म्हणून अम्मीने जूनमध्येच गोळ्या सोडल्या. साहेब ओरडतील म्हणून मिस्ड कॉल तेवढा देत होती. दोन ऑगस्टला गेली. फोन तेव्हापासून पेटीत बंद आहे.

या महिन्यात गोळ्या न्यायला कुणी आलंच नव्हतं, हे मला आत्ता कळतंय. खुणा होत्या ना. तरी मी हट्टाने कार्ड तिच्यापुढे सरकवलं. आज सकाळपर्यंतच्या खुणा. तिने ते बराच वेळ पाहिलं.

"मग तुमाला रोज कोण फोन करतंय?"

३० ऑगस्ट
मोबाइल तपासला. खातूनबीचा शेवटचा कॉल एक ऑगस्टचा. पण रिंग मी रोज ऐकली आहे. अकराला. रोज.

कार्डावर 'गाव सोडून गेली' असा शेरा मारून फाइल बंद केली. विचारणार कोण आहे?

१ ऑक्टोबर
तीन आठवडे खोकला. आज रिपोर्ट आला. तोच, गोळ्यांना न जुमानणारा. मी, शिकलेला माणूस! कुठून लागला ते कुणाला विचारावं लागलं नाही. चिकटपट्टी अजून तशीच आहे.

२० डिसेंबर
माझ्या खुर्चीत आता चन्नवीर बसतो, अक्कलकोटचा. खिडकी बंद. त्याला सांगितलं, कातडी काळवंडली, कानात घंटी वाजते, तेवढं डॉक्टरांना सांग. हसला. घंटी वाजते तर उचला म्हणाला.
माझाच विनोद. ऑफिसात अजून चालतो.

२६ डिसेंबर
उलट्या. गोळ्या उशाखाली सरकवल्या आणि मिस्ड कॉल दिला. त्या मूर्खाने खूण केली असणार. मूर्ख तो नव्हे —

३ जानेवारी
आता कॉलही देत नाही. फोन बंद करून पेटीत ठेवलाय, वर गादी. अकराला वाजला.

६ जानेवारी
चन्नवीरला गाठलं. भीती वाटते, एकदा घरी येऊन बघ म्हटलं. म्हणाला, कशाला? खुणा आहेत की तुमच्या, आजपर्यंतच्या. तुमचा कॉल येतो की रोज.
मी तर —

७ जानेवारी
अकरा वाजून गेले. वाजतोय. मिस्ड कॉल एकदा वाजून कट होतो. हा कट होत नाही —
घेतो, गोळ्या घेतो, सगळ्या — पाणी कुठंय —
पेटी उघडली. फोन बंदच आहे. वाजतोय.
उचलला.
पलीकडे खोकला. माझा. मग ती, अगदी शांत आवाजात, "तुमी आला न्हाई, साहेब. म्हनून मीच —