इनायतचा कान

३ फेब्रुवारी, मंगळवार
आजही तेच. खड्डा आला की गाडीत आतून खडखड! बहिगाबाईंना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेतो. आज परतताना डोकं धरून बसल्या. "शौकी, टॅक्सी आहे की भंगारवाल्याची गाडी? हे असंच चालू राहिलं तर मी दुसरी बघते हो." सहा वर्षं नेतोय त्यांना. मान वर करवेना.

४ फेब्रुवारी
अख्खा दिवस बयूमी उस्तादांच्या गॅरेजात. डॅशबोर्डचा एकूण एक स्क्रू आवळला. "जा, लोण्यासारखी पळेल!" गल्लीच्या तोंडाशीच — खडखड.

५ फेब्रुवारी
इनायत म्हणाली, "मी मागे बसून बघू?" बायको माझी, वीस वर्षं शिलाई कारखान्यात. म्हटलं, "तू काय, गाडीला झालर लावणार?" उठून आत गेली. नको होतं बोलायला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
सकाळी इनायतच चावी घेऊन उभी! "आधी तुझा पसारा काढ." बाटल्या, जपमाळ, जॅक, सुटी नाणी — सगळं बाहेर. मग म्हणाली, "ट्रामच्या रुळांवरून ने. हळू. आणि तोंड बंद."

मागे बसून एकेका पत्र्यावर, प्लास्टिकवर तळहात दाबत होती. दार — खडखड. छत — खडखड. दोन दारांमधल्या खांबावर, सीटबेल्टचा पट्टा बाहेर येतो तिथे हात ठेवला — आणि शांत! हात काढला — खडखड. "सापडला!" मी ओरडलोच.

प्लास्टिकचं झाकण तिने अलगद ओढून काढलं. मी असतो तर मोडलंच असतं. आत एक क्लिप तुटलेली, आणि वायरीचा जोड पत्र्यावर आपटत होता. पिशवीतून आणलेल्या जाड, मऊ फेल्ट कापडाची पट्टी कापून जोडाला गुंडाळली, नवी क्लिप बसवली. मी घरी निघालो तर म्हणते, "थांब, अजून एक आहे. मोठ्या आवाजामागे लपला होता." मला ऐकूही येत नव्हता! निघाला, छतातल्या दिव्याच्या कडेला.

"कसं कळतं गं तुला?"
"चाळीस मशिनी एकदम चालतात तिथे. कुठली कुरकुरतेय ते कळायलाच लागतं."

७ फेब्रुवारी
परतताना बहिगाबाई चक्क झोपल्या. उठवलं तर म्हणाल्या, "बयूमीचा हात सोन्याचा!" म्हटलं, "बयूमीचा नाही, बाई. माझ्या बायकोचा." टॅक्सीतळावरही सगळ्यांना सांगितलं.

१५ फेब्रुवारी, रविवार
दारात तीन टॅक्स्या. वाटलं, माझे दोस्त चहाला आलेत. माझ्याकडे कुणी बघेना. "उस्ताद घरात आहेत का?" बयूमी? इथे? "बयूमी नाही रे — इनायत उस्ताद!"