रांगोळीने घासलेला घोडा

मुलुंड पूर्व, भाऊबीज

प्रिय शिवदास,

रविवारी तू बोरिवलीहून माझं केल्टिक नाणं बघायला येतोयस. त्याआधी हे पत्र, कारण आमच्या घरात फोनवर बोललेलं स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जातं.

नाण्याची अवस्था तुझ्याच पद्धतीने सांगतो. फ्रान्सकडच्या केल्ट टोळीने दोन हजार वर्षांपूर्वी पाडलेलं, चांदीचं. घोडा ठसठशीत, आयाळीचे मणी सुटे दिसतात. ठसा सरकल्यामुळे तोंडाचा शेंडा नाण्याबाहेर गेलाय, पण ते जन्मजात, झिजेत धरायचं नाही. हे तूच मला शिकवलंस. आणि वर ती जुनी करडी-निळसर झाक, जिच्यासाठी तू तुझं लाडकं कुशाण नाणं बदल्यात द्यायला निघाला होतास. ती झाक आता नाही. सगळीकडे बारीक ओरखडे आहेत आणि आयाळीत कुंकू अडकलंय. आपल्या भाषेत, नाण्याची वाट लागली.

झालं असं. मिहिर आणि सईच्या लग्नाला वर्ष झालं, तरी सूनबाई मला 'काका'च म्हणायची, तेही काम असेल तर. मीही फारसा बोलत नसे. तुझी जयावहिनी गेल्यापासून लक्ष्मीपूजन आमच्याकडे नुसतं उरकलं जायचं. यंदा सईने ते मनापासून मांडलं. पूजेला चांदीचं नाणं हवं म्हणून कपाटातलं हे काढलं, काळपट दिसलं, तर देवाची भांडी घासतो तसं रांगोळीने खसाखसा घासलं. मी फुलं घेऊन वर आलो तर नाणं ताटात, नव्या चमच्यासारखं चकाकत होतं. मी फुलं खाली ठेवून ते उचललं. तेवढ्यात ती म्हणाली, "बघा ना बाबा, कसलं झकास निघालंय!"

तिने मला बाबा म्हटलं, शिवदास. मी म्हणालो, छान झालंय. बरं वाटलं मला, खूप बरं वाटलं.

आता तुझं. नाणं हातात आलं की तू भिंग काढणार आणि "हे कोणी घासलं रे?" म्हणून घर डोक्यावर घेणार. आजवर तू कुणाच्या नाण्याला खोटी श्रेणी दिली नाहीस, सख्ख्या मेहुण्याच्याही नाही. कुशाण नाणं घरीच ठेव, अदलाबदल रद्द समज. पण ये मात्र नक्की. सई चहा घेऊन येईल आणि नाणं कसं आहे ते तुलाच विचारेल, कारण तिला त्याचा अभिमान वाटतोय. तेव्हा माझ्यासाठी एकदाच खोटं बोल.

तुझाच,
श्यामसुंदर